वेगळ्या विदर्भावर वाद घालताना

समोरच्याला ‘महाराष्ट्रद्रोही’ किंवा ‘पुणे-मुंबईवाला’ ठरवण्यापूर्वी त्याच्या मागणीमागची तक्रार विचारावी. विदर्भवादी बहुधा सिंचनाचा अनुशेष, १९५३ चा नागपूर करार (विदर्भाला एकत्रित मराठी राज्यात घेताना न्याय्य वाट्याचे आश्वासन देणारा) आणि नागपूरचा गेलेला राजधानीचा मान यांबद्दल बोलेल. अखंड महाराष्ट्राचा समर्थक संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील हुतात्म्यांची आठवण काढेल. ते मध्येच न तोडता ऐकावे आणि मग त्याचे म्हणणे त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत मांडून दाखवावे. ही पायरी सर्वांत अवघड असते आणि बहुतेक जण (विद्वानसुद्धा) तीच गाळतात. ‘तुम्ही लोक’ म्हणू नये, कारण विदर्भातही सगळेच वेगळ्या राज्याच्या बाजूचे नाहीत. गाडी आकड्यांवर अडली, तर प्रादेशिक असमतोलावरचा दांडेकर समितीचा १९८४ चा अहवाल दोघांनी मिळून वाचावा.