अनिकी घराण्याची वंशावळ मांडताय? या चुका टाळा

उत्तरकालीन रोमन साम्राज्यातल्या अनिकीसारख्या सिनेटर घराण्यांच्या वंशावळी लोक मला तपासायला पाठवतात. बहुतेकांत प्रोबा नावाची बाई एकच असते. त्या दोघी आहेत हो!

फाल्टोनिया बेटिटिया प्रोबा ही आजी. लॅटिन कवी व्हर्जिलच्या ओळी जुळवून तिने ख्रिस्ती काव्य रचलं. तिचा नवरा अडेल्फियस 351 साली रोमचा नगरप्रमुख होता. अनिकिया फाल्टोनिया प्रोबा ही तिची नात, 371 चा कॉन्सुल (वर्षभरासाठी नेमला जाणारा मानाचा सर्वोच्च पदाधिकारी) पेट्रोनियस प्रोबस याची बायको. 410 मध्ये रोम लुटलं गेलं, त्यानंतर ती आफ्रिकेत गेली. ख्रिस्ती धर्मगुरू ऑगस्टिनने प्रार्थनेविषयी पत्र लिहिलं ते हिला.

एकदा एका हौशी अभ्यासकाचा भलामोठा रंगीत तक्ता आला. त्यात दोघींची मिळून एकच बाई. मग आजीचा मुलगा ओलिब्रियस (कॉन्सुल 379) आणि नातीचा मुलगा ओलिब्रियस (कॉन्सुल 395) भाऊ-भाऊ झाले. त्यातला थोरला म्हणजे प्रत्यक्षात प्रोबसचा सासरा. तक्त्यात तो त्याचाच सावत्र मुलगा! शिवाय 351 च्या नगरप्रमुखाच्या बायकोची दोन मुलं (धाकटा ओलिब्रियस आणि त्याचा सख्खा भाऊ) 395 मध्ये कोवळ्या वयात कॉन्सुल होतात, हे कुणाला खटकलंही नाही. विचारलं तर उत्तर आलं, ‘सॉफ्टवेअरने आपोआप जोडलं.’ दहा मिनिटं सालं जुळवून पाहायला नकोत, पण रंग मात्र सात!

मी नावापुढे जोडीदार, पद आणि साल लिहिल्याशिवाय रेघ ओढत नाही. सिम्माकस घराण्यातही हेच करा: 391 चा कॉन्सुल सिम्माकस वेगळा, तत्त्वज्ञ बोएथियसचा सासरा असलेला 485 चा वेगळा. दोघांच्या घरात रुस्तिकियाना आहे. एकाची बायको, दुसऱ्याची मुलगी.

‘अनिकियस’ हे आपल्या आडनावासारखं बापाकडूनच येतं असं समजू नका. प्रोबसच्या मुलांना ते आईकडून मिळालं.

‘फ्लावियस’ दिसलं की सम्राट कॉन्स्टंटाइनशी नातं जोडू नका. त्या काळात ते दर्जा दाखवायला लावत.

रोमन उमराव घरातल्या पावलाचे पूर्वज म्हणजे जुन्या रोममधले स्किपिओ, ग्राकस आणि थेट ग्रीक पुराणकथेतला राजा आगामेम्नोन, असं तिचा धर्मगुरू जेरोम लिहितो. ती स्तुती आहे; तक्त्यात घेऊ नका.

472 मध्ये सम्राट झालेल्या ओलिब्रियसचे वडील कोण, हे निश्चित नाही. मी तिथे तुटक रेघ मारते आणि अंदाज समासात लिहिते. नवशिक्यांना मोकळी चौकट बघवत नाही, म्हणून जवळचा कुणीतरी कॉन्सुल उचलून बाप म्हणून बसवतात.

आणि सातव्या शतकातला मेट्झचा बिशप आर्नुल्फ याच्यामार्गे फ्रँक सम्राट शार्लमेनपर्यंत पोचायची घाई असेल, तर आर्नुल्फचा तो ‘सिनेटर’ पूर्वज नवव्या शतकातल्या, शार्लमेनच्याच राजघराण्याच्या वंशावळीत अवतरतो एवढं पाहून घ्या. तसा तक्ता मला पाठवू नका.