आमदारांच्या समितीसोबत दौरा? टीए (प्रवासभत्ता) बिल अडकू देऊ नका

विधिमंडळाची समिती नाशिकला आली की आपल्या सरकारी कर्मचाऱ्यांपैकी कुणाला तरी तिच्यासोबत सुरगाणा-पेठकडे फिरावं लागतं. धावपळ संपते, पण टीए बिल शेऱ्यानिशी परत येतं. बहुतेकदा कारण एकच: दौऱ्याचा लेखी आदेशच नसतो. साहेब फोनवर ‘चल रे सोबत’ म्हणाले, याला लेखाशाखेत किंमत नाही. निघण्याआधी स्वतःच्या नावाचा आदेश घ्या, निदान दौरा कार्यक्रमाच्या प्रतीवर नाव आणि सही तरी करून घ्या. आमदारांचा भत्ता विधिमंडळाकडून निघतो, तुमचा तुमच्या कार्यालयाकडून. दोन्ही हिशेब वेगळे.

दुसरी गोची गाडीची. सरकारी गाडीत किंवा आमदारांच्या गाडीत बसून गेलात, तर त्या टप्प्याचं प्रवासभाडं मागू नका. गाडीचं लॉगबुक तपासलं की ते उघडं पडतं. दैनिक भत्ता मात्र नियमाप्रमाणे मागता येतो. जेवण-मुक्काम फुकट झाला असेल, तर तसं बिलात लिहा, भत्ता कमी होतो.

सुटल्याची आणि पोचल्याची वेळ तिथल्या तिथे मोबाईलवर टिपा. ‘सकाळी निघालो, रात्री आलो’ चालत नाही, सीबीएस बसस्थानकावरून सकाळी ७.१० ला सुटलो, असं हवं. एसटीचं तिकीट महिन्याभरात पुसट होतं, त्याचा लगेच फोटो काढा.

केंद्राच्या कार्यालयात असाल तर दौरा संपल्यापासून ६० दिवसांत बिल द्या, नंतर हक्कच जातो. राज्याच्या कर्मचाऱ्यांनीही मार्चअखेरची वाट बघू नये, तेव्हा अनुदान संपलेलं असतं.