मृगाआधी सौर पंपाच्या वायरींचे जोड तपासून घ्या

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेड पट्ट्यात मृग बहाराच्या संत्राबागा मे महिन्यात पाणी तोडून ताणावर असतात, पंप बंद असतो. कापूस-सोयाबीनच्या पेरणीलाही वेळ असतो. सौर पंपाच्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाच्या) वायरिंगची तपासणी याच दिवसांत उरकावी. ४५ अंशांच्या उन्हात टेपचा डिंक पाघळतो, पट्टी सुटते आणि रोहिणी-मृगाचे पाणी नेमके त्या फटीत शिरते.

घरच्या वायरीला देतात तसा पीळ मारून वर काळी टेप गुंडाळलेला जोड पॅनलच्या वायरीला चालत नाही. घरातला एसी (दिशा बदलत राहणारा) प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी पडली तरी विझण्याची शक्यता असते. पॅनलचा डीसी प्रवाह ऊन असेपर्यंत शून्यावर येतच नाही. ५ एचपीच्या संचात ५४० वॅटचे ९ पॅनल सिरीजमध्ये (एकामागे एक जोडलेले) असले तर उघड्या टोकांवर सुमारे ४४० व्होल्ट असतात, थंडीच्या सकाळी त्याहूनही जास्त. ढिल्या जोडात एकदा आर्क, म्हणजे फटीतून सलग पेटणारी ठिणगी, धरला की तो पेटताच राहतो, तांबे वितळवतो.

फ्यूजच्या भरवशावर राहू नका. हा पॅनल चालताना १३ अँपिअर देतो आणि पूर्ण शॉर्ट झाला तरी १४ च्या आसपास. मग १५ अँपिअरचा फ्यूज उडणार कसा? जोडातल्या आर्कमुळे प्रवाह उलट कमीच होतो. सुरुवात मात्र साध्या गरम होण्यातून होते: जोडाचा रोध ०.२ ओहम झाला तरी १३ अँपिअरला तिथे ३४ वॅट उष्णता तयार होते. म्हणजे टेपच्या आत सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखेच.

तुटलेली वायर शक्यतो जोडूच नका, दोन कनेक्टरमधला पूर्ण तुकडा बदला. जोड टळत नसेल तर जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या, आणि तो काय करतो ते उभे राहून पाहा. आधी कंट्रोलर (पंप चालवणारा डबा) बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनलची लाइन तोडणारा स्विच) बंद. डीसी क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणाऱ्या मीटरवर) प्रवाह शून्य दिसला की मगच एमसी४ कनेक्टर (पॅनलच्या वायरी जोडणारी खटक्याची जोडी) सोडायचा. चालू प्रवाहावर तो ओढला तर हातातच आर्क होतो. आयसोलेटर पाडला तरी पॅनलपासून तिथपर्यंतची वायर जिवंतच असते. सूर्य मावळतीला गेला तरी उजेड असेपर्यंत व्होल्टेज टिकून राहते, म्हणून मीटर लावल्याशिवाय टोकांना हात नको.

वायर सौर कामासाठीचीच हवी: कथिल चढवलेले तांबे, दुहेरी आवरण, ४ किंवा ६ चौरस मिलिमीटर, जुनी असेल त्याच मापाची. त्याच मापाची तांब्याची जोडनळी घालून दोन्ही बाजूंनी क्रिंपिंग टूलने दाबावी. पक्कडीने दाबलेली नळी वरून घट्ट दिसते, आत तारा मोकळ्याच असतात. दाबल्यावर जोर लावून ओढून पाहा, सुटली तर कापून नव्याने करा. नुसत्या सोल्डरवर विसंबू नका. गरम झाल्यावर ते मऊ पडते. जोडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळणारी) दोन थरांत, आवरणावर दोन्हीकडे ४-५ सेंटिमीटर चढेल अशी बसवा. प्लस आणि मायनसचे जोड समोरासमोर येऊ देऊ नका, त्यांच्यात किमान १५ सेंटिमीटरचे अंतर ठेवा. हे हमखास राहून जाते.

एमसी४ ची नर-मादी जोडी एकाच कंपनीची असावी. वेगवेगळ्या कंपन्यांचे तुकडे एकमेकांत बसतात, पण आतला स्पर्श बरोबर होत नाही. वितळलेले कनेक्टर बरेचदा याच चुकीमुळे दिसतात. कनेक्टर जमिनीवर लोळू देऊ नका, स्ट्रक्चरला बांधा आणि वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता झोळातून गळेल. धुऱ्यावरून जाणारी वायर पाईपमध्ये, नांगराच्या फाळाखाली जाईल इतकी खोल पुरा, पाईपची तोंडे बुजवा. उंदीर आणि खारी आवरण कुरतडतात.

दुपारी पंप पूर्ण लोडवर असताना तापमानाची गन प्रत्येक कनेक्टरवर धरा. एखादा शेजारच्यापेक्षा १० अंशांनी गरम असेल तर तो बदलायचा. पहिल्या पावसानंतर कंट्रोलरची वायर सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (आवरणाचा रोध मोजणाऱ्या मीटरने) वायर ते अर्थ तपासणी करून घ्या. १ मेगाओहमपेक्षा कमी आल्यास पंप चालवू नका.

स्ट्रक्चरखाली पऱ्हाटी, तुराट्या, वाळलेले गवत ठेवू नका. चरचर आवाज किंवा जळका वास आला तर कंट्रोलर आणि आयसोलेटर बंद करून दूर व्हा. पेटलेला कनेक्टर ओढू नका, पाणी मारू नका. सुक्या पावडरचे अग्निशामक वापरा. सरकारी योजनेतून मिळालेल्या पंपाची ५ वर्षांची देखभाल पुरवठादाराकडे असते, त्यामुळे वायर कापण्याआधी तक्रार नोंदवा आणि जोडाचे फोटो काढून ठेवा.