जांभ्याने टायर चिरला तेव्हा

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात सुर्ल्याच्या सड्यावर तंबू ठोकून आम्ही भावंडं सायकली फिरवत होतो. सडा म्हणजे उघडं पठार, नुसता जांभा दगड. पावसाने माती वाहून गेली की दगडाच्या कडा करवतीसारख्या वर येतात. अशाच एका कडेने माझ्या मागच्या टायरची बाजू अंगठ्याएवढी चिरली. जवळ नवी ट्यूब होती, पण चिरेतून तिचा फुगा बाहेर येऊन ती फुटणार, हे उघड होतं.

टूथपेस्ट कामाला आली. तिची संपत आलेली ट्यूब कापून धुतली, तुकड्याचे कोपरे गोल केले (टोकदार राहिले तर तेच भोक पाडतात) आणि तो टायरच्या आतून चिरेवर बसवला. चिकटवायची गरज नाही, हवेचा दाबच त्याला धरून ठेवतो. अर्धी हवा भरून चाक फिरवलं. फुगवटा दिसेना, मग उरलेली भरली, पण नेहमीच्या 30ऐवजी 25 पीएसआयच (हवेच्या दाबाचं माप). कमी हवेत ट्यूब रिमखाली चिमटते, म्हणून दगडांवरून सायकल हातानेच नेली.

चोर्ला घाट सावकाश उतरून केरीला पोचलो. तुकडा तसूभरही हलला नव्हता! नवा टायर मात्र पहिलं दुकान दिसताच घेतला.