प्रयोग फसला की हात थांबवा: धोकादायक प्रयोग दाखवताना आणि पाहताना या चुका टाळा

बशीतली ज्योत मंदावली होती आणि मागच्या बाकांवरून मुलं ओरडत होती, "सर, काहीच दिसत नाही!" माझा हात मिथेनॉलच्या बाटलीकडे गेला. बाटली तिरपी करणार तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याने माझं मनगट घट्ट धरलं. त्या दिवशी काही झालं नाही. पण त्याने हात धरला नसता तर पहिल्या बाकावरच्या मुलांचं काय झालं असतं, हे मला नंतर वाचून कळलं. तेव्हापासून कुणी विज्ञानाचा खेळ दाखवायला निघालं की मी आधी विचारतो: प्रयोग फसला तर तू काय करणार आहेस?

या प्रश्नावर बहुतेक जण गप्प होतात. प्रयोग जमावा म्हणून तालीम सगळे करतात. तो फसला तर काय, याची तालीम करताना मी फार थोड्यांना पाहिलंय. समोर प्रेक्षक असले की "थांबा, पुन्हा करून दाखवतो" हे तोंडातून लगेच निघतं, आणि धोका तिथेच असतो.

विझत्या ज्योतीवर बाटलीतून ओतणं

रंगीत ज्वालांचा प्रयोग फार लोकप्रिय आहे. बशीत क्षार ठेवायचा, वर मिथेनॉल टाकून पेटवायचं. स्ट्रॉन्शियमची ज्योत लाल, तांब्याची हिरवी, सोडियमची पिवळी. थोड्या वेळाने ती खाली बसते. मिथेनॉलची स्वतःची ज्योत इतकी फिकट निळी असते की उजेडात दिसतच नाही, म्हणून विझली असं वाटतं. त्यात मिथेनॉलची वाफ साधारण 11 अंश सेल्सियसलाच पेट घेऊ शकते, म्हणजे खोलीत ठेवलेल्या बाटलीच्या रिकाम्या भागात ती कायम तयार असते. ओतताना ज्योत धारेवरून बाटलीत शिरते, आतली वाफ भडकते आणि जळतं मिथेनॉल बाटलीच्या तोंडातून काही मीटर लांब फेकलं जातं. बाटलीचं तोंड दाखवणाऱ्याकडे नसतं, प्रेक्षकांकडे असतं. म्हणून भाजतात ती समोर बसलेली मुलं. सप्टेंबर 2014 मध्ये अमेरिकेत एका विज्ञान संग्रहालयात आणि एका शाळेत, थोड्याच दिवसांच्या अंतराने, मिथेनॉलच्या प्रात्यक्षिकांत मुलं भाजली. त्यानंतर तिथल्या रासायनिक सुरक्षा मंडळाने अशा प्रात्यक्षिकांबाबत खास इशारा दिला.

उपाय सोपा आहे. लाकडी काड्या क्षारांच्या द्रावणात रात्रभर भिजवा आणि एकेक काडी बर्नरच्या ज्योतीत धरा. रंग तेच दिसतात आणि मिथेनॉल लागतच नाही. मागच्यांना दिसत नसेल तर दिवे मालवा, कॅमेऱ्यातून पडद्यावर मोठं करून दाखवा. इंधन वाढवू नका. आणि कुणी भाजलंच तर भाग लगेच वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं धरा. बर्फ नको, मलम नको.

न फुटलेल्या बाटलीजवळ जाणं

कोरडा बर्फ (म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) किंवा द्रवरूप नायट्रोजन बाटलीत घालून झाकण लावायचं, हा प्रकार करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. नायट्रोजन उणे 196 अंशाला उकळतो आणि त्याचा वायू होताना आकारमान जवळपास 700 पट वाढतं. प्लास्टिक ते पेलू शकत नाही. प्रश्न फक्त कधी फुटणार एवढाच असतो आणि ते कुणालाच सांगता येत नाही. "फुटली नाही वाटतं" म्हणून माणूस वाकून बघायला जातो, तेव्हा दाब अजून वाढतच असतो. अशी बाटली समोर असेल तर तिला हलवू नका, झाकण सैल करायला जाऊ नका. सगळ्यांना लांब न्या आणि अग्निशमन दलाला कळवा.

बंद जागेत तर झाकणाविनाही धोका आहे. 2020 मध्ये मॉस्कोत एका पार्टीत धुराचा देखावा व्हावा म्हणून पोहण्याच्या तलावात कोरडा बर्फ ओतला आणि तिघांचा जीव गेला. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो पाण्यावरच साचून राहतो, म्हणजे नेमका पोहणाऱ्याच्या नाकाच्या पातळीला.

"तेच, पण जरा मोठं"

हायड्रोजन भरलेला फुगा पेटवायच्या प्रयोगात फुग्याचा व्यास दुप्पट केला की हायड्रोजन आठपट होतो. डोळ्यांना मात्र "थोडा मोठा फुगा" एवढंच दिसतं. 'हत्तीची टूथपेस्ट' म्हणून फेसाचा जाड लोट उसळवायच्या प्रयोगाचंही तसंच. 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि यीस्ट घेतलं तर कोमट फेस येतो. 30 टक्क्यांचं घेतलं तर वाफाळणारा फेस उसळतो आणि ते द्रावण कातडी भाजतं. चित्रफितीत बाटलीवरचा आकडा दिसत नाही, म्हणून लोक हाताला लागेल ते वापरतात.

अंतर अंदाजाने ठरवणं

15 सप्टेंबर 1896 रोजी टेक्सासमध्ये केवळ करमणुकीसाठी रेल्वेची दोन वाफेची इंजिनं समोरासमोर सोडली गेली. बघायला सुमारे 40 हजार लोक जमले होते. बॉयलर फुटणार नाहीत असं आयोजकांना सांगितलं गेलं होतं. दोन्ही फुटले, लोखंडाचे तुकडे गर्दीत पडले आणि माणसं मेली. आता 17 जुलै 1984 बघा. ब्रिटनमध्ये ओल्ड डॅल्बी इथे अणुइंधन नेण्याच्या पिंपावर ताशी सुमारे 160 किलोमीटर वेगाने विनाचालक आगगाडी आदळवली. तोही तमाशाच होता, निमंत्रित पाहुणे आणि कॅमेरे होतेच. पण एक नेमका प्रश्न होता: पिंप गळतं का? त्याआधी पिंप उंचावरून टाकून चाचण्या झालेल्या होत्या. टक्कर झाली, पिंप गळलं नाही. टेक्सासमध्ये मोजायचं काहीच नव्हतं, म्हणून काय बिघडू शकतं आणि माणसं किती लांब हवीत हा विचारही पुरेसा झाला नाही.

अनुभवी लोकही चुकतात, हे मी मुद्दाम सांगतो. डिसेंबर 2011 मध्ये प्रचलित समजुती प्रयोगाने तपासणाऱ्या 'मिथबस्टर्स' या टीव्ही मालिकेचा तोफगोळा कॅलिफोर्नियातल्या पोलिसांच्या चाचणी मैदानावरून निसटला, एका घराच्या भिंती भेदून गेला आणि पुढे उभ्या व्हॅनमध्ये शिरला. कुणाला लागलं नाही, हा निव्वळ योगायोग.

माघारीची वाट न ठेवणं

फ्रान्झ राइशेल्ट या शिंप्याने 4 फेब्रुवारी 1912 रोजी स्वतः शिवलेल्या पॅराशूटसह आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्यावरून उडी घेतली. परवानगी पुतळा टाकून चाचणी करायची होती. मित्रांनी अडवलं, पण खाली कॅमेरे आणि पत्रकार उभे होते. तो वाचला नाही. तुमच्या कार्यक्रमात "आज हा प्रयोग होणार नाही" असं म्हणायचा अधिकार दाखवणाऱ्याला देऊ नका; बाजूला उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाला द्या. माझं मनगट धरणाऱ्याला टाळ्या नको होत्या, म्हणूनच त्याला नीट दिसलं.

क्रॅश टेस्ट बघताना बॉनेटकडे बघणं

क्रॅश टेस्टमध्ये, म्हणजे मुद्दाम आदळवून केलेल्या चाचणीत, गाडीचं पुढचं तोंड चुरगळलं की चित्रफितीखाली प्रतिक्रिया येते, "पत्रा किती हलका!" ते तोंड चुरगळण्यासाठीच बनवलेलं असतं, धडकेची ऊर्जा तिथे खर्च व्हावी म्हणून. बघायची ती माणसं बसतात ती जागा: दाराची चौकट वाकली का, स्टिअरिंग छातीकडे आलं का. 2009 मध्ये अमेरिकेतल्या एका विमा-सुरक्षा संस्थेने 1959 ची शेवरोले बेल एअर आणि 2009 ची मालिबू एकमेकींवर आदळवल्या. जुनी गाडी दिसायला दणकट, पण चालकाची जागा तिच्यातच चेपली गेली. आणि समोरच्या धडकेच्या चाचणीत गाडीला सुरक्षेसाठी मिळालेले तारे तुलनेला घ्यायचे ते साधारण सारख्याच वजनाच्या गाड्यांमध्ये.

एका प्रयोगाला मात्र मी कुठलीही दुरुस्ती सुचवणार नाही. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेने झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी जाळायची, हा प्रकार सुंदर दिसतो. त्यात सुमारे 2000 व्होल्ट असतात आणि हात चुकला तर दुसरी संधी मिळत नाही. यात अनेक माणसं दगावली आहेत, आणि अमेरिकेतल्या लाकूड-कातकामाच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत त्यावर बंदी घातली आहे. जुना मायक्रोवेव्ह उघडून बसलेलं कुणी दिसलं, तर आधी प्लग काढायला सांगा. मग झाकण तसंच परत लावायला लावा, कारण आतला वीज साठवणारा कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला असू शकतो.