लिनक्सचा डेस्कटॉप सजवताय? या चुका टाळा

लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम किंवा लिनक्सवर चालणारा केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप नव्याने टाकला की थीम, आयकॉन, डॉक, घड्याळ सगळं एकाच बैठकीत बदलायचा मोह होतो. मग पॅनेल गायब झालं की ते नेमकं कशामुळे गेलं, हेच सापडत नाही. माझं ठाम मत आहे की सजावट कितीही करा, पण ती उलटी फिरवता आली पाहिजे. एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन दिवस वापरा, मगच पुढची घ्या.

मिंटमध्ये टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टिमला आधीच्या स्थितीत नेणारं साधन, असतं म्हणून अनेकजण निर्धास्त असतात. पण टाइमशिफ्ट सिस्टिमच्या फाइली सांभाळतं. होम फोल्डर ते आपणहून घेत नाही. थीम आणि पॅनेलच्या सेटिंग्ज तर तिथेच असतात. होममध्ये कंट्रोल आणि एच दाबा, टिंबाने सुरू होणारे लपलेले फोल्डर दिसतील. त्यातल्या ‘कॉन्फिग’ (.config) ची एक प्रत आधी पेन ड्राइव्हवर काढा. सिनॅमनचं, म्हणजे मिंटच्या मुख्य डेस्कटॉपचं, पॅनेल बिघडलंच, तर त्यावर राइट क्लिक करून ‘ट्रबलशूट’मधून सगळं मूळ स्थितीला आणता येतं. स्क्रीन नुसती अडकली असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप एकदम दाबून सिनॅमन पुन्हा सुरू करा; उघड्या खिडक्या तशाच राहतात.

दुसरी चूक जास्त महागात पडते: थीम म्हणजे फक्त रंग आणि चित्रं, असं समजणं. प्लाझ्माच्या ग्लोबल थीममध्ये, म्हणजे सगळं रूप एकदम बदलणाऱ्या थीममध्ये, प्रत्यक्ष चालणारा कोड असू शकतो. मार्च २०२४ मध्ये केडीईच्या स्टोअरवरून घेतलेल्या अशाच एका थीमने एका वापरकर्त्याच्या वैयक्तिक फाइली पुसून टाकल्या, आणि केडीईला सगळ्यांना सावध करावं लागलं. म्हणून नुसती रंगसंगती, आयकॉन किंवा वॉलपेपर वेगवेगळे घ्या. ग्लोबल थीम घ्यायचीच असेल तर प्लाझ्मासोबत आलेली वापरा. आणि थीम बसवायला कुणी ‘सुडो’, म्हणजे सिस्टिमचे पूर्ण अधिकार देणारी आज्ञा, लावायला सांगितलं, तर दहादा विचार करा. थीम होम फोल्डरमध्येच बसते.

थीम बदलूनही काही खिडक्या जुन्याच दिसतात का? यात तुमची चूक नाही. गनोम या दुसऱ्या डेस्कटॉपची नवी अ‍ॅप्स स्वतःचं रूप ठरवणारी लिबअद्वैता ही लायब्ररी वापरतात, ती बाहेरची थीम जुमानत नाहीत. त्यांच्यामागे लागून वेळ घालवू नका. गनोमच्या एक्स्टेन्शनचंही, म्हणजे जादा सोयी देणाऱ्या जोडण्यांचंही, तसंच: सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या गनोम ४५ ने त्यांची रचनाच बदलली, त्यामुळे जुनी एक्स्टेन्शन एकजात बंद पडली. मोजकी ठेवा.

आता पसाऱ्याकडे. स्क्रीन मोकळी दिसावी म्हणून काहीजण होममधला ‘डेस्कटॉप’ नावाचा फोल्डरच उडवतात. पुढच्या लॉगिनला सिस्टिमला तो सापडत नाही, मग ती होम फोल्डरलाच डेस्कटॉप मानते आणि सगळे फोल्डर स्क्रीनवर येऊन बसतात. घाबरून ते डिलीट करू नका! त्या प्रती नाहीत, तुमच्या खऱ्या फाइली आहेत. ‘डेस्कटॉप’ फोल्डर पुन्हा तयार करा, ‘कॉन्फिग’मधल्या ‘यूजर-डर्स’ (user-dirs.dirs) फाइलमध्ये डेस्कटॉपच्या ओळीत त्याचा पत्ता लिहा आणि लॉग आउट करून परत या. भाषा मराठी केल्यावर या फोल्डरांची नावंही बदलायची का असं सिस्टिम विचारू शकते. तेव्हा जुनीच ठेवा, टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करताना सोपं जातं. फक्त आयकॉन नको असतील तर मिंटच्या ‘डेस्कटॉप’ सेटिंग्जमध्ये ते बंद करता येतात. रोजच्या फोल्डरात जाऊन कंट्रोल आणि डी दाबलं की तो फाइल मॅनेजरच्या बाजूपट्टीत येतो, मग स्क्रीनवर शॉर्टकट लागतच नाही.

कॉन्की, म्हणजे वॉलपेपरवर घड्याळ, मेमरी असे आकडे दाखवणारं साधन, लावणाऱ्यांच्या दोन तक्रारी ठरलेल्या. आकडे लुकलुकतात, तेव्हा तिच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये ‘डबल बफर’ चालू करा. वॉलपेपरवर क्लिक केलं की कॉन्की नाहीशी होते, कारण डेस्कटॉप हीसुद्धा एक खिडकीच असते आणि ती वर येते. अशा वेळी खिडकीचा प्रकार ‘नॉर्मल’ करून तिला ‘बिलो’ म्हणजे सगळ्यांच्या खाली राहायला सांगा. जुन्या लॅपटॉपवर दर सेकंदाला आकडे बदलायची गरज नसते, पाच सेकंद पुरतात.

शेवटी अक्षरं, ज्यांच्याकडे आपण सर्वांत कमी बघतो. फक्त रोमन अक्षरं असलेला फॉन्ट निवडला की मराठी नावांसाठी सिस्टिम दुसराच फॉन्ट उचलते. एकाच ओळीत दोन जाडीची अक्षरं येतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ मुक्त परवान्याचा आहे आणि त्यात देवनागरी व रोमन दोन्ही आहेत. सेटिंग्जमधल्या फॉन्टच्या पानावर मुख्य फॉन्ट, डेस्कटॉप आणि खिडकीचं शीर्षक या तिन्ही जागी तोच ठेवा, आणि आकार एका अंकाने वाढवा, म्हणजे मात्रा आणि रफार नीट वाचता येतात.