ऑफिसमधलं ऑनलाइन प्रशिक्षण कामाला यावं म्हणून काय करावं

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास ऑफिसात एक चक्कर मारून बघा. एका टॅबमध्ये कोर्स चालू, आवाज बंद. दुसऱ्या टॅबमध्ये नेहमीचं काम. मधूनच हात माउसकडे जातो आणि 'नेक्स्ट' दाबलं जातं. शेवटी दहा प्रश्नांची क्विझ. 'वरील सर्व' हा पर्याय दिसला की तोच बरोबर, हे सगळ्यांना पाठ. सर्टिफिकेट आलं, डॅशबोर्डवर हिरवी खूण उमटली, सुटलो!

प्रशिक्षणाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा या हिरव्या खुणांवर मीही खूश असायचे. मग आम्ही बिलांच्या नव्या सॉफ्टवेअरवर दीड तासाचा कोर्स तयार केला. झाडून सगळ्यांनी तो पूर्ण केला आणि पुढच्या पंधरवड्यात मदतीसाठी येणारे फोन कमी व्हायचे सोडून वाढले. कोर्समध्ये एकूण एक मेनू दाखवला होता. बिल अडकलं तर काय करायचं, एवढंच नव्हतं. खाली जे लिहिते आहे ते त्या फोनांनी शिकवलेलं आहे.

पहिली पायरी: विषयांची नको, अडचणींची यादी करा

कोर्स बनवण्याआधी किंवा विकत घेण्याआधी एक वाक्य लिहून काढा: हे शिकल्यावर कोण, कोणतं काम, कसं करेल? 'सॉफ्टवेअरची ओळख होईल' किंवा 'जागरूकता वाढेल' हे चालणार नाही, कारण ते झालं की नाही हे कुणालाच बघता येत नाही. 'बिल आणि ऑर्डर जुळत नसेल तर बिल रोखून ठेवेल आणि खरेदी विभागाला कळवेल' हे चालेल.

असं वाक्य सुचत नसेल, तर ज्याला सगळे दिवसभर शंका विचारतात अशा जुन्या कर्मचाऱ्याशेजारी अर्धा दिवस बसा. येणारे प्रश्न त्याच शब्दांत टिपून घ्या. तीच तुमची अनुक्रमणिका.

कधी कधी ही यादी बघितल्यावर कळतं की प्रशिक्षणाची गरजच नाही. फॉर्ममधला एखादा रकाना फसवा असतो, किंवा लोकांना ते बटण वापरायची परवानगीच दिलेली नसते. अशा वेळी कोर्स काढणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

दुसरी पायरी: वेळ खरोखर द्या

'सवड मिळेल तसं करा' याचा अर्थ सगळे 'रात्री घरी करा' असाच घेतात. कॅलेंडरवर अर्ध्या तासाची जागा अडवा आणि त्या वेळात मीटिंग लावायची नाही, हे वरिष्ठांकडून कबूल करून घ्या. काउंटरवर किंवा मशिनवर काम करणाऱ्यांना स्वतःचं टेबल नसतं. त्यांच्यासाठी शिफ्टच्या सुरुवातीचा वेळ, एक मोकळा संगणक आणि तेवढ्या वेळापुरता बदली माणूस, इतकं तरी हवंच.

तिसरी पायरी: एका तुकड्यात एकच काम

एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरच्या कोर्समध्ये लोक व्हिडिओ किती वेळ बघतात, याचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ६९ लाख वेळा बघितल्या गेलेल्या व्हिडिओंच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. व्हिडिओ कितीही लांब असो, साधारण सहा मिनिटांपलीकडे लोक टिकत नव्हते. पण म्हणून तासाभराच्या व्हिडिओचे कात्रीने दहा तुकडे करून भागत नाही. 'अडकलेलं बिल सोडवणं' हा एक तुकडा, 'चुकून पास झालेलं बिल मागे घेणं' हा दुसरा. नाव असं द्या की काम अडल्यावर शोधताना तेच शब्द टाइप होतील. 'मॉड्यूल ३, भाग २' कोण शोधणार?

आणखी एक. निवेदनात बोललेली वाक्यं पडद्यावर जशीच्या तशी लिहिलेली असतील तर तो लिहिलेला मजकूर काढून टाका. चित्र आणि निवेदन एवढं असलं तर जास्त समजतं. त्यात तोच मजकूर लिहूनही दाखवला तर लक्ष वाटलं जातं, हे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत दिसलं आहे. ज्यांना नीट ऐकू येत नाही किंवा जे गोंगाटात काम करतात, त्यांच्यासाठी सबटायटल ठेवा, पण चालू-बंद करता येतील अशी.

चौथी पायरी: आठवायला लावा, पुन्हा पुन्हा

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या, असं माझं मत आहे. आणि नेमकी इथेच कंजुषी होते.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून आपण किती भरभर विसरतो हे मोजलं आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वाधिक असतो. मग उपाय काय? २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना सरासरी ५६ टक्के मजकूर आठवत होता आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. कोर्स संपल्या संपल्या घेतलेली क्विझ म्हणूनच फसवते: ती नेमकी त्या पाच मिनिटांतली असते.

तेव्हा क्विझ एकदाच घेऊ नका. तिसऱ्या दिवशी दोन प्रश्न, दहाव्या दिवशी दोन, महिन्याने दोन. मेलवर किंवा ऑफिसच्या चॅटवर पाठवले तरी चालतील. फक्त प्रश्न व्याख्येचा नको, प्रसंगाचा हवा. उदाहरणार्थ:

ऑर्डर ५० नगांची आहे. माल पोचल्याची नोंद ४८ ची, बिल ५० चं. पुरवठादार फोनवर म्हणतो, 'उरलेले दोन उद्या पोचतात, आजच पास करून टाका ना.' काय कराल?

उत्तराचे चुकीचे पर्याय स्वतःच्या डोक्यातून काढू नका. लोकांनी खरोखर केलेल्या चुकाच पर्याय म्हणून द्या. आणि उत्तर चुकलं तर नुसती लाल फुली नको, त्या चुकीने पुढे काय झालं असतं ते सांगा: दोन नग आले नाहीत, पैसे मात्र गेले. या क्विझचे मार्क कामाच्या मूल्यमापनात धरायचे नाहीत हे आधीच जाहीर करा, नाहीतर उत्तरं एकमेकांना पाठवली जातील. मी स्वतः तेच केलं असतं.

पाचवी पायरी: टीम लीडरला कामाला लावा

कोर्सआधी पाच मिनिटं: 'हे का शिकायचं आहे, आपल्या टीममध्ये कुठे लागेल?' कोर्सनंतर दहा मिनिटं: 'यातलं या आठवड्यात कुठे वापरून बघणार? अडलं तर कुणाला विचारणार?' बस्स. शिकलेलं वापरायची संधी आठवड्याभरात आली नाही, तर चांगला कोर्सही वाया जातो. म्हणून नवं सॉफ्टवेअर पुढच्या महिन्यात येणार असेल तर प्रशिक्षणही पुढच्याच महिन्यात ठेवा.

सहावी पायरी: मोजायचं काय

प्रशिक्षणाचा उपयोग मोजण्यासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडलेल्या चार पातळ्या अजून उपयोगी पडतात: लोकांना प्रशिक्षण कसं वाटलं, ते काय शिकले, काम करण्याची पद्धत बदलली का, आणि त्यातून कामाचा निकाल सुधारला का. यात 'किती जणांनी पूर्ण केलं' कुठेच नाही. उलटही खरं आहे: कोर्स पूर्ण केला नाही म्हणजे काहीच शिकले नाहीत, असं नसतं. हार्वर्ड आणि एमआयटीच्या पहिल्या १७ खुल्या ऑनलाइन कोर्सना ८,४१,६८७ नोंदण्या झाल्या आणि सर्टिफिकेट मिळाली ४३,१९६. पण सर्टिफिकेट न घेता निम्मा किंवा त्याहून जास्त कोर्स बघणारे ३५,९३७ निघाले. त्यांना हवं तेवढं त्यांनी घेतलं असेल.

आम्ही आता दोनच गोष्टी बघतो: त्याच अडचणीसाठी येणारे फोन, आणि दुरुस्तीसाठी परत येणारी बिलं. कोर्सआधीच्या महिन्याचे आकडे मात्र आधीच लिहून ठेवा. नंतर ते सापडत नाहीत. ज्यांना काम येतं त्यांच्यासाठी सुरुवातीलाच एक चाचणी ठेवा आणि पास होतील त्यांना मोकळं सोडा.

शेवटची पायरी: जुनं काढून टाका

प्रत्येक तुकड्यावर तारीख आणि जबाबदार माणसाचं पद लिहा. पडद्यावरचं बटण सरकलं की व्हिडिओ बदला, बदलता येत नसेल तर उतरवा. एकदा जुना पडदा दिसला की लोक बाकीच्या तुकड्यांवरही विश्वास ठेवत नाहीत. आमचा तो दीड तासाचा कोर्स अजून सिस्टीमवर आहे. कुणी उघडत नाही, पण काढायला तीन सह्या लागतात आणि सध्या दोन झाल्या आहेत.